सत्तेचाळीस नंबरचा कागद

या, असे पुढे सरकून बसा. बुवांच्या भजनाचा पखवाज सुरात येईतो एक गोष्ट सांगतो. छोटीशी आहे, पण गोड आहे.

आपला कागद बघायला आलेला रावजी वधूवर मंडळाच्या संगणकापुढे बसून खो खो हसत होता. "काय गो मालिनी, मी सदतीसच्या जागी सत्तावीस दाबला, तर केरूच्या पोराचा सगळा माहितीचा कागद समोर आला. फोटोत टोपी का घालतो, ते आज कळलं. टक्कल आहे."

मालिनी झटकन उठून पडद्यापाशी आली.

अठ्ठ्याऐंशी साल. रत्नागिरीतल्या त्या मंडळाचा संगणक नवा, आणि त्यातला प्रोग्राम मालिनीने लिहिलेला. आत शिरताना तो प्रत्येकाला परवलीचा शब्द विचारायचा. पुढचं काम प्रोग्रामच्या एकाच तुकड्याकडे होतं: नंबर द्या, कागद घ्या. यादी छापायची असो की स्थळं जुळवायची, सगळे त्या तुकड्यालाच हाक मारायचे. मागणारा कोण आणि कागद कुणाचा, हे मात्र तो विचारतच नसे. मालिनीने त्याला ते शिकवलंच नव्हतं. परवलीचा शब्द ठाऊक असलेला माणूस आपल्यातलाच, तो दुसऱ्याच्या कागदात कशाला डोकावेल, असं तिला वाटलं होतं.

प्रत्येक कागदाच्या तळाशी एक रकाना होता, 'फक्त मंडळासाठी'. सत्तेचाळीस नंबरचा कागद मालिनीचा स्वतःचा. त्या रकान्यात तिने लिहिलं होतं: डाव्या कानाने ऐकू येत नाही. बघण्याचा कार्यक्रम झाला की मंडळाने असं गुपित दुसऱ्या बाजूला कळवायचं, अशी रीत होती. मंडळात नाव घालण्याआधी दोन स्थळं कानाचं कळल्यावर घरी न येताच फिरली होती. निदान एकदा कुणी आपल्याला आधी बघावं, मग कानाचं ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. आणि आज चार वाजता भाट्याहून आनंदीबाई आपल्या राजाभाऊला घेऊन येणार होत्या.

दुपारपर्यंत बसून तिने त्या तुकड्याला प्रश्न विचारायला शिकवलं. आता दुसऱ्याचा नंबर दाबला की पडद्यावर 'हा कागद तुमचा नाही' एवढंच येई. पण आजवर कुणी काय वाचलं, त्याची नोंद कुठेच नव्हती.

घरी वडील, गोपाळकृष्ण मास्तर, खुर्च्या मांडत होते.

"अण्णा, कुणी वाचलंही असेल. कानाचं आपणच आधी सांगून टाकू."

"अगो, सरबत तरी घेऊ दे त्यांना."

घाईत मास्तरांनी पाहुण्यांच्या खुर्च्या नेमक्या तिच्या डाव्या हाताला मांडल्या. ते लक्षात आलं तेव्हा पाहुणे दारात होते.

आनंदीबाईंनी खुर्च्यांकडे पाहिलं. मग आपली खुर्ची उचलली, वळसा घालून मालिनीच्या उजवीकडे ठेवली आणि बसत हळूच विचारलं, "इथून ऐकू येतंय ना बाय?"

मास्तरांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"तुम्ही माझा कागद वाचलात, काकू," मालिनी म्हणाली.

"वाचला. राजाचा नंबर शेहेचाळीस. म्हटलं, पुढच्या नंबरला कोण ते बघू. सोमवारी बघितला, मंगळवारी बघायला येतो म्हणून निरोप धाडला. पण चोरून वाचल्याची लाज वाटते गो. आता तू राजाचा रकाना वाच, मग हो की नाही ते सांग."

"आता नाही वाचता येणार. आजच ते बंद केलं मी."

राजाभाऊने सुटकेचा श्वास टाकला.

"तू नको खूश होऊ," आनंदीबाई त्याला म्हणाल्या आणि मालिनीकडे वळल्या. "मग मीच सांगते. हा घोरतो. साधंसुधं नव्हे, शेजारी उठून बसतात. तू आपली उजव्या कुशीवर झोपत जा. चांगला कान उशीत गेला, की मग घोरू दे त्याला."

मालिनीला हसू आवरेना. त्यातच होकार आला.

तर मंडळी, आरतीला हात जोडाल तेव्हा आनंदीबाईंची आठवण ठेवा. दुसऱ्याचं गुपित हाती आलं, तेव्हा त्या माउलीने आपल्या घरचं समोर आणून ठेवलं.