दत्तोपंतांची तपकीर

सलग तिसऱ्या आठवड्यात किराण्याच्या पेटीत साखर नव्हती. कुठल्या घरात काय संपलंय ते ओळखून यंत्रच माल धाडायचं, म्हणून विभावरीने चिडून त्यालाच फोन लावला.

"आपल्याकडे दत्तोपंत परतलेत. मधुमेही माणसाच्या घरी साखर पाठवत नाही," यंत्र म्हणालं.

"अहो, सासऱ्यांना जाऊन चार वर्षं झाली!"

"मग पितृपक्षात त्यांची तपकीर कुणासाठी मागवलीत?"

"श्राद्धाच्या पानावर ठेवायला! कावळ्यासाठी!"

"आपल्या घरात कावळ्याची नोंद नाही."

विभावरीने कपाळावर हात मारला.

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी बिनसाखरेचा चहा कसाबसा गिळला. "जिवंतपणी एक दिवस पथ्य पाळलं नाही," त्या फणकारल्या, "आणि आता अख्ख्या घराकडून पाळून घेताहेत!"