वरची टीप

“झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढंही शिकवलं नाही का तुला कॉलेजात?”

काका भर रस्त्यात आर्किटेक्ट पुतणीवर तापले होते. शिंपी माणूस, गळ्यात टेप तशीच. दुकानाला नवं रूप दे म्हणून यांनीच तिच्या हातात दिलेलं, आणि आज कामावरची हिरवी जाळी उतरल्यावर यांचंच डोकं फिरलं.

तिनं आधी पुढचे गोल खांब पाडले होते. कसले खांब, नुसता थाट. वरचा सज्जा त्यांच्यावर टेकलेलाही नव्हता. मग गिलावा खरवडला. आतून खरे खांब निघाले, काँक्रीटचे, चौकोनी, ओततानाच्या फळ्यांच्या रेघा अजून अंगावर. ते तिनं तसेच ठेवले. त्यांच्यापुढे वीतभर जागा सोडून तांबूस पत्रे टांगले. कडेनं बघितलं की लगेच कळतं, उभं कोण आहे आणि अंगावर घातलंय काय. दोन पत्र्यांमधली फटसुद्धा लपवलेली नाही. खालपासून वरपर्यंत बोटभर, एकसारखी. भारी काम. सायकलवाले मान वळवून बघत होते, एक तर जवळजवळ आपटला.

काकांना तेच झोंबलं. शिंप्याचंच दुकान उघडं, लोक हसतील म्हणे. पत्रे उतरवायचे, खांब लिंपून टाकायचे. त्यासाठी गवंडीही बोलावला होता. त्याच्या घमेल्यात कालवलेलं सिमेंट घट्ट व्हायला लागलं होतं.

“मूठ रिकामी असली तर झाकायची, काका,” पुतणी म्हणाली. “तुमची भरलेली आहे.”

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. भिंतीशी गेले. फटीत अंगठा घालून हात पुरेल तिथपर्यंत वर नेला. मग शेजारच्या फटीत. मग कडेनं पत्र्यामागे हात घालून खांबावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

“जन्मभर याला पाठ लावून बसलो,” ते म्हणाले. “तोंड आज बघतोय.”

गवंड्यानं विचारलं, लावू का म्हणून.

“रस्त्यातल्या त्या खड्ड्यात ओत.”

पुतणी हसली. काकांनी तिच्याकडे बघितलंच नाही, बोट वर केलं.

“पत्र्याचा तो दुसरा स्क्रू रांगेबाहेर गेलाय. वरून टीप मारायची तर सरळ मारावी. झाकलेलं असतं तर खपून गेलं असतं.”

“आज काढून परत बसवते.”

“आणि माझ्या नावाची पाटी लहान कर. एवढी मोठी यावर चढवू नकोस.”

ती काहीतरी बोलणार होती. काका तोवर दुकानात शिरायलाही लागले होते.

“आता जाऊ दे मला. गिऱ्हाईक एका बाहीच्या कोटात आरशासमोर उभं करून आलोय.”