राज्य कुणावर

“सापडलात आजोबा, या बाहेर,” टिटवी म्हणाली आणि उडी मारून झाडामागे गेली. झाडामागे कुणी नव्हतं.

पुढच्या झाडामागेही नव्हतं. टिटवी हसतच होती. आजोबा लपंडावात इतके तयार निघतील असं त्यांच्या या नातीला वाटलं नव्हतं. सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नाही, पण लपायचं कसं ते पाठ.

हे रान कुठल्याशा राजाने आपल्या जहाजांसाठी राखलं होतं. राजा गेला, जहाजं बुडाली, झाडं राहिली. एकेक खोड एवढं जाड, की मागे अख्खं कुटुंब डबा खात बसलं तरी पुढून पत्ता लागू नये. दुपारभर आजोबा खुशीत होते. खोडांना कान लावत होते, अळंब्यांवर वाकून फुंकर मारत होते, सुतारपक्ष्याने ठोकायला सुरुवात केली की “या, आत या” म्हणत होते. लपंडावाची टूम टिटवीची. आई-बाबा बाकावर टेकले होते. “लांब जाऊ नका,” बाबा म्हणाले होते, “आणि टिटवे, तोंडाबरोबर जरा डोळेही उघडे ठेव.”

लपंडावात डोळे मिटावे लागतात, हे बाबांच्या लक्षात आलं नव्हतं. टिटवीच्याही.

“आजोबा, हरले मी. डाव सोडला.”

कुणी बाहेर आलं नाही. सुतारपक्षीही थांबला होता. टिटवी एका जागी उभी राहून गोल फिरली. सगळीकडे खोडंच खोडं, आणि प्रत्येकाला मागची बाजू.

ती बाकाकडे पळत सुटली.

तिला एकटीला पाहूनच आई उठली. बाबा “अण्णा, अण्णा” करत झाडांत शिरले. हाका ऐकून फाटक लावायला निघालेला रखवालदार आला. आजोबा कुठल्या बाजूला गेले, त्याने विचारलं. टिटवीने हात केला, तेव्हा त्याचा चेहरा बदलला.

“तिकडे तळं आहे,” तो म्हणाला. “जहाजाची लाकडं भिजत घालायचे त्यात. आता वर हिरवं साचलंय. नव्या माणसाला हिरवळच वाटते.”

आई टिटवीला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“अण्णा,” बाबांनी घसा ताणून हाक मारली, “कुठे आहात?”

लांबवर दोन खोडांच्या मधे आजोबांचा राखाडी मफलर दिसला. बाबा धावले. मफलर गायब. मग तो आणखी खाली, उताराच्या कडेला दिसला. बाबांची पुन्हा हाक, पुन्हा मफलर गायब.

टिटवीच्या लक्षात आलं. तिने बाबांना गाठून त्यांचा शर्ट मागून धरला.

“बाबा, पळू नका. हाका पण मारू नका. ते हरवले नाहीयेत, लपलेत.”

“तू आता एक शब्द बोलू नकोस.”

“आपण जितकं शोधू तितके ते लांब जाणार. मी हरले म्हटलं तरी आले नाहीत. त्यांना वाटलं, फसवतेय.”

“पुढचा उतार थेट तळ्यात जातो, साहेब,” रखवालदार हळूच म्हणाला.

बाबांनी उताराकडे पाहिलं. मग टिटवीकडे. “मग काय करू या?”

बाबांनी तिला असं कधी विचारलं नव्हतं. आतापर्यंत ती घाबरली होती ते काहीच नव्हतं.

“तुम्ही सगळे झाडांमागे जा,” ती म्हणाली. “आणि काही झालं तरी बाहेर येऊ नका.”

मधल्या मोठ्या झाडाशी ती एकटी गेली. खोडाला कपाळ टेकलं, डोळ्यांवर तळवे धरले, पाठ उघडी टाकली आणि मोठ्याने म्हणायला लागली, “दहा, वीस, तीस...” शंभर झाले. तिने डोळे उघडले नाहीत. पुन्हा दहापासून सुरू केलं. शोधणारी बेसावध उभी आहे, पाठ मोकळी आहे. असं दिसल्यावर कुठला लपणारा नुसता लपून राहील?

बोटांच्या फटीतला उजेड कमी होत गेला. आवाज नीट येईना, तरी ती म्हणत राहिली.

खाली उतारावर डुबुक झालं.

कुठल्यातरी झाडामागे आईने श्वास ओढला. टिटवीचे तळवे डोळ्यांवरून निसटायला आले, तिने ते आणखी घट्ट दाबले. आत्ता बघितलं आणि आजोबांनी बघताना पकडलं, तर ते परत फिरतील. बेडूक असेल, तिने स्वतःला सांगितलं. मग वाटलं, बेडकाचा एवढा आवाज होतो का?

“...सत्तर, ऐंशी.”

पानं वाजली. थांबली. पुन्हा वाजली, आणि त्यांच्यासोबत काहीतरी पचपचलं. पावलं होती की दुसरंच काही, कळत नव्हतं. टिटवीला आपली पाठ दाराएवढी रुंद वाटायला लागली. नव्वद म्हणताना तिचा आवाज फुटलाच नाही, फक्त ओठ हलले.

पाठीत दणका बसला.

“धप्पा.”

ती गर्रकन वळली आणि आजोबांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. विजार कमरेपर्यंत भिजली होती, मफलरच्या टोकाला हिरवं चिकटलं होतं. ते हसत होते. त्यांच्यामागून बाबा झाडाआडून बाहेर आले, आई आली. आजोबांनी तिकडे पाहिलंही नाही. ते आपलं मनगट ओढत होते, आणि चांगलाच जोर लावत होते.

“हात सोड ना गं ताई,” आजोबा म्हणाले. “धप्पा झालाय, राज्य परत तुझ्यावर. आई हाक मारायच्या आत मला लपू दे.”