पहिला काप

आषाढात दुर्वाने सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यामागे लाल भोपळ्याच्या चार बिया लावल्या. चौथीतली पोर, पण श्रावणभर वेल कुंपणावर चढवत राहिली. भादव्यात मधमाश्या फिरकेनात, तेव्हा नरफूल तोडून मादीफुलावर तिनेच टेकवलं. दिवाळी सरली आणि आठ किलोचा भोपळा ओट्यावर आला. दुर्वाने सुरी उचलली.

"थांब बेटा," स्वयंपाकाच्या गीताबाई म्हणाल्या. "अख्ख्या भोपळ्याले बाईनं पहिला काप नाही द्यायचा. तो घरच्या मोठ्या पोरासारखा असते. पुरुषानं एकडाव चिरला, की मग आपण."

"काहून? लावला तर मीच ना?"

"लावाले कोण नाही म्हणून राहिलं?"

दुर्वाने आईकडे पाहिलं. आई सर्जन, सकाळीच दोन ऑपरेशनं आटोपून आली होती.

"मी असलं काही मानत नाही," आई म्हणाली, "पण उगाच कशाला?"

बाबा फौजेत, पठाणकोटला. म्हणून शेजारच्या अक्षतला उचलून आणलं. वय वर्षं अडीच. त्याच्या मुठीत सुरीची मूठ मावेना. मग आईने त्याचा हात आपल्या हातात धरला आणि एका दमात भोपळा मधोमध उभा चिरला.

 

"पाहिलं?" गीताबाई दुर्वाला समजावत म्हणाल्या, "कसा सरळ चिरला. शेवटी पुरुषाचा हात तो पुरुषाचाच."