फक्त विवाहितांसाठी

दोन हात वर गेले, दोन खालीच राहिले, आणि सगळे ताईंकडे बघू लागले.

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या सहकारी संस्थेच्या ताई अध्यक्ष. समितीची बैठक कापड बेतायच्या टेबलाभोवती भरायची, कारण पाच माणसं ऐसपैस बसतील असं दुसरं टेबल कारखान्यात नव्हतं. टेबल कटिंग मास्तरांचं. आजचा विषयही त्यांचाच. पण त्यांना त्यांच्याच टेबलापासून बाहेर घालवायला कुणाची जीभ रेटली नाही. ते कडेला उभे राहून कात्री पुसत होते.

विषय साधा होता. वसाहतीतलं दोन खोल्यांचं एक घर रिकामं झालं होतं. नोकरीची वर्षं बघता पहिला हक्क मास्तरांचा. ते आणि संस्थेच्या टेम्पोचा ड्रायव्हर चौदा वर्षं एका खोलीत संसार करत होते. संसार हा शब्द अर्थात कुणी वापरत नसे. सगळे नुसतं 'ते दोघं' म्हणत. पण दोन खोल्यांचं घर फक्त विवाहितांना, असा संस्थेचा नियम; तो बदलावा म्हणून ते दोन हात वर गेले होते. तो धरला तर पुढचा नंबर ताईंच्याच लेकीचा. लेक काजांच्या मशीनवर, जावई इस्त्रीवर. लग्नाला वर्ष झालं तरी दोघं ताईंच्या स्वयंपाकघरात अंथरूण घालत होते, आणि ताईंना रात्री तहान लागली तर उठण्याआधी दोनदा खोकावं लागायचं.

"मी यातून अंग काढून घेते," ताई म्हणाल्या. "माझ्या घरचा प्रश्न आहे."

"घ्या की," स्टोअरकीपर म्हणाला. माणूस वाईट नव्हता. ताईंवर त्याचा जीव होता. "तुम्ही उठलात की दोन विरुद्ध दोन. म्हणजे नियम आहे तसाच राहतो. उद्या कुणी तुमच्याकडे बोटही दाखवणार नाही."

ताई अर्ध्या उठल्या होत्या, त्या परत बसल्या. नुसतं उठून गेलं की घर लेकीच्या पदरात पडत होतं. तेच त्यांना टोचलं.

"मास्तर, राग मानू नका," स्टोअरकीपर पुढे म्हणाला. "वेळेवर लग्न करून टाकायचं होतं. कुणी अडवलं होतं तुम्हाला?"

टेबलाभोवती थोडं हसू उमटलं. मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"कुणी अडवलं नसतं, तर चौदा वर्षांपूर्वीच केलं असतं," ते म्हणाले. "ड्रायव्हरशी."

हसू जागच्या जागी विरलं. ठाऊक सगळ्यांनाच होतं. फक्त कारखान्यात ते आजवर कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. एकजण टेबलावरचे दोरे वेचू लागला.

ताईंना स्वतःलाही हे प्रकरण कधी नीट पचलेलं नव्हतं. ड्रायव्हर दुपारी मास्तरांचा डबा घेऊन यायचा, मास्तर त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करायचे, तेव्हा ताई कपाटात काहीतरी शोधू लागायच्या. पण झाडणारी बाई असो की कटिंग मास्तर, नफ्यात वाटा सारखा, हे याच ताईंनी भांडून पदरात पाडून घेतलेलं होतं.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "घरनिधी दर महिन्याला आपण सगळ्यांच्या पगारातून कापतो. मास्तरांचा कापताना कधी विचारलं, तुमचं लग्न झालंय का म्हणून?"

स्टोअरकीपर टेबलावरची टेप गुंडाळू लागला.

"ड्रायव्हरचा कापताना?"

"पैशाचं वेगळं, ताई. लग्नाचं वेगळं."

"मलाही तसंच वाटत होतं," ताई म्हणाल्या. "आत्ता तुम्ही मला उठायला सांगेपर्यंत."

त्यांनी हात वर केला. तो इतका जड झाला होता की दुसऱ्या हातानं कोपराला आधार द्यावा लागला.

मास्तर आभार मानायच्या फंदात पडले नाहीत. सगळे पांगल्यावर हळूच म्हणाले, "लेकीला काय सांगाल?"

"बघू," ताई म्हणाल्या.

सांगायची वेळ आलीच नाही. बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. लेक मोरीवर भांडी घासत होती, आणि ती ज्या जोरानं घासत होती त्यावरून ताईंना दारातच सगळं कळलं.

"आमचं लग्न झालंय, आई," ती पाठ न वळवता म्हणाली. "चारचौघांत, रीतसर. नियम आमच्या बाजूनं होता."

"होता."

"मग?"

"तुम्हाला करता आलं," ताई म्हणाल्या.

लेकीचे हात थांबले. वळली तेव्हा डोळे भरलेले होते. "तू माझी आई आहेस की त्यांची?"

ताई तशाच पाटावर टेकल्या.

जावई इतका वेळ खिडकीपाशी उभा होता. सासूसमोर तो एरवी कामापुरतं बोलायचा.

"मास्तरांचं कपाट शिसवी आहे," तो बाहेर बघतच म्हणाला. "दोघांना जिन्यातून वळवता यायचं नाही. रविवारी मी जातो."

लेकीनं नळ पुन्हा जोरात सोडला. जाऊ नकोस, असं मात्र ती म्हणाली नाही.