दोरीवरची हाफपँट

"माझ्या वामन्याची हाफपँट कोणं नेली?" कौसल्या अंगणात कंबरेवर हात ठेवून ओरडत होती. सकाळी दोरीवर घातलेली खाकी पँट दुपारपर्यंत गायब. आता सोमवारी पोरगा शाळेत काय घालणार, डोंबल?

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून प्रेमिला धावत आली. पदर खांद्यावरून घसरलेला, पायात चप्पल नाही.

"वहिनी, तारा दिसली काय?"

"खेळून राहिली असन कुठंतरी."

"मी तिले कुठं जाऊ देते काय, वहिनी? माझा जरा डोळा लागला, अन् उठून पाहते तं नाही!"

ते खरंच होतं. वर्षभरापूर्वी हे बिऱ्हाड भिवापूरहून सक्करदऱ्याला आलं, तेव्हापासून प्रेमिलाने पाच वर्षांच्या ताराला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. चाळीतली बाकीची पोरं नळाखाली उघडीनागडी नाचायची. ताराची आंघोळ मात्र घरात, दाराला कडी लावून. बिचारीचे आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. "पोरं नाही टिकले, पण पोरगी तं टिकली ना वं," असं कौसल्या एकदा सहज बोलून गेली, तर प्रेमिलाने तिच्या तोंडावर हातच ठेवला होता. "नका बोलू वहिनी. दृष्ट लागते."

पोरगी होती मोठी गोड. दोन वेण्या, गुलाबी फ्रॉक, उजव्या नाकपुडीत सोन्याची तार. वेड मात्र एकच, फुटबॉलचं. बाप देवराव गिरणीच्या टीमचा गोलकीपर. रविवारी मॅचला निघण्याआधी तो अंगणात ताराकडून चेंडूला लाथा मारून घ्यायचा.

"पोरीच्या जातीले काय करायचं हे?" कौसल्या चिडवायची.

"दसरा होऊ द्या वहिनी. गावच्या देवीले केस दिले, का मंग मैदानावरच नेतो," देवराव हसायचा. पोरीचे केस कोणी देतं का? भिवापूरच्या लोकांच्या तऱ्हाच न्याऱ्या, असं म्हणून कौसल्या कामाला लागायची.

आज देवरावची मॅच कामठीला होती. तारा त्याच्या पायाला मिठी मारून रडली, पण तो गेला.

"तू इथंच थांब. पोरगी परत आली अन् घरी कोणी नसलं तं?" कौसल्याने वामनला प्रेमिलापाशी बसवलं आणि पायात चपला सरकवून निघाली.

आधी मैदान. तिथे पोट्ट्यांचा धुरळा उडाला होता.

"गुलाबी फ्रॉकवाली पोरगी आली होती काय रे इथं?"

"काल आली होती. आम्ही भगवली," एक जण म्हणाला. "पोरीयले नाही घेत आम्ही."

"अन् आज?"

"आज नाही आली. आज एक नवीन पोट्टा आला होता. डोक्याले रुमाल बांधून. लय मस्त खेळला. मंग तो मोठ्या पोट्ट्यायसंग गेला तिकडं..."

"पोट्ट्याचं काय घेऊन बसला बे! मी पोरीचं इचारून राहिली न!"

ती तशीच वळली. देवळात पाहिलं, बाजारात पाहिलं. उमरेडच्या गाड्या थांबतात तिथे जाऊन कंडक्टरला विचारलं. विहिरीतही वाकून पाहिलं. देवराव परत आला की त्याला काय तोंड दाखवायचं? माझ्या पोरीच्या वक्ती तुम्ही कुठं होत्या, असं त्याने विचारलं तर? स्वतःचं पोर हरवावं तशी ती मनातून मोडून गेली होती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा माणसं तलावाकडे पळताना दिसली.

"कोणाचं तरी लेकरू बुडालं!"

कौसल्या रस्त्यातच थांबली. पुढे जाऊन पाहायची तिची छाती होईना. तिकडून सायकलवर येणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिने आडवं केलं.

"बाबा, पोरगी हाये काय हो?"

"नाही बाई. पोट्टा हाये, पाच-सहा वर्षांचा. खाकी हाफपँट घातलेला. पोट्टे पवत होते, हा बी उतरला. संपलं सारं."

कौसल्याने तिथल्या तिथे हात जोडले. दुसऱ्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली. तोही कोणा माउलीचाच ना! पण पाय ऐकतात थोडेच? ते घराकडे धावत सुटले. एवढ्या वाईट दिवसात एक तरी चांगली बातमी तिच्या हाती होती.

प्रेमिला उंबऱ्यात बसली होती. मांडीवर ताराचा गुलाबी फ्रॉक, नीट घडी केलेला. वामन भिंतीला टेकून उभा होता.

"पाण्याच्या ड्रमामागं सापडला," प्रेमिला म्हणाली. तिची नजर फ्रॉकवरच होती.

"सापडन वं तारा बी! घाबरू नको. तलावावर एक लेकरू बुडालं, माझा तं जीवच गेला होता. पण आपली तारा नाही. पोरगा हाये तो!"

प्रेमिलाने मान वर केली.

"आंगावर काय होतं त्याच्या?"

"खाकी हाफ..." समोरच्या रिकाम्या दोरीकडे कौसल्याचं लक्ष गेलं.

प्रेमिलाने फ्रॉक छातीशी धरला. पाच वर्षं ओठांच्या आत दाबून ठेवलेलं नाव तिने पहिल्यांदा मोठ्याने घेतलं.

"रवींद्र," ती म्हणाली. "तारा नाही वहिनी, माझा रवींद्र हाये तो."