आणखी एक रोटी

"और?" रशीदानं विचारलं.

"हां, एक और," आभा म्हणाली.

सुजीतनं चमकून बायकोकडे पाहिलं. ही चौथी. कुणाकडे जेवायला गेलं की पहिल्या घासापासून 'नको, पुरे' करणारी आभा आज हात पुढे करून मागून घेत होती. रशीदा, सालेमबाबांची सून, खूश झाली. तापलेल्या तव्यावर तिनं पिठाचा ओला गोळा हातानंच भराभर फिरवला. कागदासारखी पातळ रोटी सुटली. तिच्यावर तूप, आणि मळ्यातल्याच पोळ्याचा मध.

"अगं, किती खाशील? बरं दिसत नाही," सुजीत पुटपुटला.

"चांगली झालीय. खाऊ दे ना मला."

आखातातल्या धैद गावच्या, सालेमबाबांच्या या मळ्यातले पंप दोन वर्षं सुजीत बघत होता. आता त्याची कंपनीच बंद पडली होती. व्हिसा रद्द झाला होता आणि येत्या गुरुवारची पुण्याची तिकिटं हातात होती. "ऐसे कैसे जाएगा?" म्हणून सालेमबाबांनी तिघांना शुक्रवारी दुपारी जेवायला बोलावलं होतं. बच्चीला आणा, तिला रबाबा ऐकवतो, असंही बजावलं होतं.

तो रबाबा आता बाबांच्या हातात होता. चौकोनी लाकडी खोकं, दोन्ही अंगांनी बकऱ्याचं कातडं, वर लांब दांडा आणि घोड्याच्या केसांची एकच तार. गारव्यानं सैल पडलेलं कातडं ते चुलीतल्या निखाऱ्यांवर धरून तापवत होते, मधूनच टिचकी मारून बघत होते.

"बाबा, अब बजाइए ना," सुजीत म्हणाला.

"बेटी का खाना खलास होने दो. मेहमान का हाथ थाली में है, तब तक हमारे घर में रबाबा नहीं बजता."

म्हणून तर आभा खात होती.

तिच्यापासून दोन हातांवर, सगळ्यांकडे पाठ करून तिची लेक ओवी बसली होती. पुढच्या महिन्यात तीन पूर्ण होतील. अजून एक शब्द नाही. टोमॅटो चोखता चोखता ती मातीत बोटानं रेघा ओढत होती. सुजीत ऑफिसला गेला की आभा तिच्या पाठीमागे उभी राहून टाळी वाजवायची, मग डब्यावर डाव आपटायची. ओवी वळायची नाही. सुजीत म्हणायचा, खेळण्यात गुंग असते. सासूबाई फोनवर म्हणायच्या, सुजीतसुद्धा उशिराच बोलला. तो डाव मात्र दोघांपैकी कुणी पाहिला नव्हता. आता इथे सगळ्यांसमोर वाजणार होतं, आणि सगळे ओवीकडेच बघणार होते.

पाचवी रोटी घशाखाली उतरेना. रशीदानं पुन्हा "और?" म्हटलं तेव्हा आभानं मान हलवली आणि हात धुवायला उठली.

बाबांनी रबाबा मांडीवर उभा धरला. वाजवायची कमान तारेवर टेकवली.

जाडसर, खरखरीत, लांबच लांब सूर निघाला. एका तारेत एवढा आवाज मावतो, यावर कुणाचा विश्वास बसला नसता. वांग्यांच्या वाफ्यापलीकडे चरणाऱ्या बकऱ्यांनी एकदम माना वर केल्या.

ओवीनं नाही.

"ओवी," सुजीतनं हाक मारली. मग मोठ्यानं, "ओवी! बघ, बाबा काय वाजवतायत!"

ती रेघा ओढत राहिली. सुजीत आभाकडे वळला. त्याचा चेहरा उतरला होता.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून वाटतंय मला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं, सुजीत. दोनदा."

बाबांचा हात थांबला नाही. वाजवता वाजवताच ते बसल्या जागेवरून सरकत सरकत ओवीच्या समोर आले. मागेपुढे होणारी कमान तिला दिसली. तिनं टोमॅटो टाकला आणि रबाब्याला हात लावला. हात काढला, परत लावला. आणि मग, हाती लागेल त्या वस्तूचं करायची तेच केलं. खोक्याच्या लाकडी कोपऱ्याला दात लावले.

"छी ओवी! तोंडातून काढ!" आभा धावली.

बाबांनी नुसती मान हलवली. रहने दो.

ओवी थिजली होती. डोळे एवढे मोठे. बाबांनी सूर खाली नेला, तशी तिची हनुवटी खाली गेली. वर नेला, तिच्या भुवया वर गेल्या. तिनं तोंड काढलं आणि इकडेतिकडे पाहिलं, आत्ता होतं ते कुठे गेलं? घाईघाईनं पुन्हा दात रोवले. टोमॅटोच्या रसाची लाळ लाकडावरून ओघळली. तिच्या घशातून एक आवाज निघाला. बारीक, थरथरता, पण सुराच्या बरोबर वर चढणारा.

तव्यावरची रोटी करपली तरी रशीदा हलली नाही. सुजीत गुडघ्यांवर मातीत बसला होता.

ओवीनं मागे हात करून आभाची ओढणी पकडली. ओढली. आणखी जोरात ओढली, तिचं डोकं खाली येईपर्यंत, आणि लाकडावर बोट ठेवलं. इथे.

आभा वाकली. धुराचा, तुपाचा, जुन्या लाकडाचा वास आला. तिनं लेकीच्या दातांशेजारी आपले दात टेकवले. सूर दातांतून जबड्यात शिरला, जबड्यातून कानशिलात, आणि सगळं डोकं आतून भरून गेलं.

लाकूड न सोडता ओवी अगदी जवळून तिच्या डोळ्यांत टक लावून बघत होती. आईलाही जाणवतंय का, ते.